पाणावतांचं कुळ

काकांनी खोली दाखवायच्या आधी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. शेवटी 'कर' होतं म्हणून त्यांनी गाव ओळखलं, गाव कोकणातलं आहे हेही ओळखलं, आणि मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "बरं. आणि गावाच्या आधी?"

"गावाच्या आधी म्हणजे?"

"म्हणजे त्या गावात येण्याआधी तुम्ही लोक कुठे होतात?"

मला माहीत नव्हतं. पुण्याहून आयर्लंडमधल्या वॉटरफोर्डला येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. औषधांच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये नोकरी लागली होती, हॉटेलातून लवकर बाहेर पडायचं होतं आणि कोणीतरी सांगितलं होतं की एका मराठी कुटुंबाच्या घरात वरची खोली रिकामी आहे. सत्तावीस वर्षांत मला 'गावाच्या आधी' काही असेल असा प्रश्नच पडला नव्हता. मी तसं सांगितलं तेव्हा काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चप्पल न घालताच घराबाहेर पडले होते.

"असू दे, असू दे," आतून काकू म्हणाल्या. "तिला खोली दाखवा आधी. पूर्वज नंतर दाखवा."

अशी मी त्या घरात राहायला गेले. वर्ष 2020 होतं, जानेवारी संपत आला होता, आणि पुढचं दीड वर्ष आम्ही तिघं एकमेकांच्या किती अंगावर येणार आहोत याची कोणालाच कल्पना नव्हती.

काका एका मोठ्या कारखान्यात कॅलिब्रेशनचं काम बघायचे. हृदयात बसवायच्या नळ्या वगैरे तिथे बनत. त्या मोजायची जी यंत्रं असतात ती बरोबर मोजतात की नाही हे तपासणं, हे त्यांचं काम. ते मला नेहमी समजावून सांगायचे, की वजन करणारा काटा बरोबर आहे हे कशावरून? तर तो त्याच्याहून चांगल्या काट्यावरून तपासलेला असतो. तो काटा आणखी वरच्या काट्यावरून. असं करत करत साखळी थेट मूळ मापापर्यंत गेली पाहिजे. मधली एक जरी कडी हरवली, तर खालचं सगळं फुकट.

ही सवय ते घरी आणत. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर छोटी हिरवी चिठ्ठी चिकटवलेली असे: कधी तपासलं, पुन्हा कधी तपासायचं. किटलीवर होती, ओव्हनवर होती, प्रेसच्या बिजागरांवर होती. (तिथे कपाटाला प्रेस म्हणतात, काकूही म्हणायच्या, "डाळ प्रेसमध्ये आहे," आणि मी पहिले काही दिवस इस्त्री शोधत होते.) नारळ खवणीवरही चिठ्ठी होती. नारळ महिन्यातून एकदा यायचा.

काकांना मिशी नव्हती. हे मुद्दाम सांगायचं कारण, की पूर्वी ती होती. दिवाणखान्यातल्या लग्नाच्या फोटोत ती दोन्ही गालांवर पसरलेली दिसते. पण कारखान्यातल्या, धूळ-केस चालत नाहीत अशा स्वच्छ खोलीत जाताना मिशीवर जाळीचा मुखवटा घालावा लागे. काकांनी तो एकदा घातला, आरशात पाहिलं, आणि त्याच संध्याकाळी मिशी काढून टाकली. "झाकलेली मिशी ठेवण्यात काय अर्थ?" ते म्हणायचे. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मिशी गेली त्या दिवसापासून यांनी मूळ शोधायला घेतलं," त्या म्हणायच्या.

काका खानदेशातले राजपूत. त्यांच्या कुळाचं नाव पाणावत. स्वयंपाकघरात फळ्याच्या जागी एक पांढरा बोर्ड टांगलेला होता, आणि त्यावर मधोमध लाल शाईत 'पाणावत' असं लिहून त्यातून चहूबाजूंना बाण काढलेले होते. राजस्थानात नावापुढे 'वत' लागलं की अमक्याचे वंशज असा अर्थ होतो, म्हणून एका बाणापुढे 'पाणाजी नावाचा पुरुष?' असं लिहिलेलं. दुसऱ्या बाणापुढे 'पण, म्हणजे प्रतिज्ञा?' तिसऱ्यापुढे 'पाणि, म्हणजे हात. हात तुटलेला योद्धा?' आणि खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, जणू लिहायचं नव्हतं पण लिहावं लागलं अशा रीतीने, 'पाणी.'

त्या चौथ्या शब्दाबद्दल काका बोलत नसत. काकूंनीच मला एकदा मेथी निवडताना सांगितलं. त्यांच्या पट्ट्यात लोक म्हणायचे, की पाणावत हे खरे लढणारे नव्हेतच. राजांच्या सैन्याला पाणी पुरवणारे पखालवाले, आणि तेच पुढे राजपूत म्हणवून घ्यायला लागले. काका नऊ वर्षांचे असताना नात्यातल्या एका लग्नात पंगत बसली होती. कोणी एक म्हातारा पाटावरून ओरडला, "अरे, पाणावत आलेत ना? मग पाणी वाढायला दुसरं कोण पाहिजे?" सगळी पंगत हसली. आणि काकांचे वडील, आप्पा, पाटावरून उठले, तांब्या घेतला आणि सगळ्यांना पाणी वाढलं.

"यांनी ते पाहिलं," काकू म्हणाल्या. "यांचा पाट आप्पांच्या शेजारीच होता. तेव्हापासून कुठल्याही लग्नात पंगतीत हे पाणी पीत नाहीत. घरी येऊन पितात."

मला हे ऐकून वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं, आणि हसू आलं म्हणून पुन्हा वाईट वाटलं. काकांच्या बाबतीत माझं नेहमी असंच व्हायचं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. आधी घरापासून दोन किलोमीटर, मग पाच. काकांचा कारखाना आणि माझी लॅब चालू राहिली, पण बाकी कुठे जायचं नाही, कोणाकडे जायचं नाही. शनिवार-रविवार काकांना मोकळेच. त्यांनी ते सगळे पाणावतांना दिले. गावाकडच्या चुलतभावांना फोन, इंटरनेटवरची जुनी स्कॅन केलेली पुस्तकं, आणि राजस्थानातल्या रावजींशी व्हिडिओ कॉल. हे रावजी म्हणजे वंशावळी सांगणारे भाट. त्यांचे वाडवडील दर काही वर्षांनी खानदेशात येत, प्रत्येक राजपूत घरापुढे बसून लाल कापडात बांधलेली वही उघडत आणि त्या घराच्या पिढ्या वाचून दाखवत. काकांनी ती वाचलेली लहानपणी ऐकली होती. पण काय ऐकलं ते आठवत नव्हतं. "मी तेव्हा गोट्या खेळत होतो," ते स्वतःवर चिडून म्हणायचे. "पाणावतांचं मूळ वाचलं जात होतं आणि मी गोट्या खेळत होतो!"

आमच्या शेजारी डोनल नावाचे सत्तरीतले आयरिश गृहस्थ राहायचे. भिंतीच्या पलीकडून, अंतर ठेवून, काका त्यांनाही हे सगळं सांगत. एकदा काका म्हणाले, "बघा, माझं नाव पाण्यावरून असू शकतं आणि मी राहतो वॉटरफोर्डमध्ये. नदीचं नाव शूर. आमच्या भाषेत शूर म्हणजे लढवय्या! हा काय योगायोग आहे?"

डोनल जरा अवघडले. म्हणाले, की वॉटरफोर्डचा पाण्याशी काही संबंध नाही. ते नाव समुद्रावरून आलेल्या व्हायकिंगांनी ठेवलं. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ मेंढ्यांची खाडी. किंवा वाऱ्याची खाडी. "मेंढे की वारा, यावर आमच्यात अजून वाद आहेत," ते म्हणाले. "पण पाणी नाही. तेवढं नक्की."

काकांनी ते ऐकून घेतलं, आणि आत येऊन काकूंना म्हणाले, "चांगला माणूस आहे, पण त्याला आपल्या गावाचंच माहीत नाही."

त्या उन्हाळ्यात जे झालं त्यात माझाही हात आहे, म्हणजे दात आहे. माझी अक्कलदाढ काढली. घरी आल्यावर काकूंनी जिन्याखालून हाक मारली, "अगं, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भर! दिवसातून चार वेळा चूळ भर!"

काका स्वयंपाकघरात बोर्डापुढे उभे होते. ते वळलेच नाहीत. मी तोंडावर रुमाल धरून पाणी घ्यायला गेले, तर ते तसेच पाठमोरे म्हणाले, "काय म्हणाली ती?"

"मिठाच्या पाण्याने..."

"त्याच्या पुढे."

"चूळ भर."

"चूळ," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा उजवा हात पुढे केला, नळाखाली धरला, त्यात पाणी घेतलं आणि हातातल्या त्या पाण्याकडे बघत राहिले. "बेटा, हे काय आहे? हातात पाणी घेतलं की त्याला काय म्हणतात? चुळका! जुन्या भाषेत चुळूक!"

माझ्या तोंडात बोळा होता. मी मान हलवली.

पुढची पंधरा मिनिटं त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळतं असं वाटतं तेव्हाही खात्री नसते. पण ते साधारण असं होतं. सोळंकी हे राजपुतांचं फार मोठं, फार जुनं कुळ. त्यांची जुनी कथा अशी, की ब्रह्मदेवाने ओंजळीत पाणी घेतलं आणि त्या ओंजळभर पाण्यातून, चुळकातून, एक वीर जन्माला आला. त्या चुळकावरून चालुक्य, आणि चालुक्यावरून सोळंकी. आता पाणावत बघा. पाणी म्हणजे जल. पाणि म्हणजे हात. हातातलं पाणी! चुळूक आणि पाणावत हे एकाच गोष्टीला दिलेले दोन शब्द. म्हणजे पाणावत हे पखालवाले नव्हेतच. ते सोळंकी.

"ज्या शब्दाने आम्हाला हसले," काका म्हणाले, "त्याच शब्दात आम्ही होतो."

काकू दारात उभ्या होत्या. नवऱ्याचा ओला हात त्यांनी पदराने पुसला.

एका आठवड्यात ही बातमी खानदेशातल्या सगळ्या पाणावतांपर्यंत गेली. काकांनी कारखान्यात असतो तसा कागद केला: वर शीर्षक, खाली पुराव्यांची साखळी, शेवटी सही. चुलतभावांनी तो छापून घेतला. गावातल्या कुलदेवीच्या देवळावर 'सोळंकी कुळ, पाणावत शाखा' असा रंगवलेला बोर्ड लागला. त्याचा फोटो आला. फोटोत बोर्डाखाली आप्पा खुर्चीवर बसले होते, शहाऐंशी वर्षांचे, पांढरी टोपी घालून, कॅमेऱ्याकडे न बघता कुठेतरी बाजूला बघत. काकांनी तो फोटो मोठा करून फ्रिजवर लावला. त्यावर हिरवी चिठ्ठी लावली नाही.

डिसेंबरात काही दिवस दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, जायला परवानगी मिळाली आणि काकांची मुलगी डब्लिनहून घरी आली. देवयानी. तिथल्या चेरीवूड भागातल्या एका ऑफिसात होती, म्हणजे ऑफिस चेरीवूडला आणि ती नऊ महिने आपल्या भाड्याच्या खोलीतल्या टेबलाशी. ती अकरा वर्षांची असताना इथे आली होती. मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र अर्धं वाक्य वॉटरफोर्डच्या सुरात जायचं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने सांगितलं, की तिला लग्न करायचंय. मुलगा डब्लिनमध्येच, ब्लँचर्डस्टाउनला एका कंपनीत आहे. हर्ष नाव. घरचे इंदूरचे.

मी उठून वर जायला निघाले, पण काका म्हणाले, "बस बेटा, तू घरचीच आहेस." ते खूश दिसत होते. "इंदूरचे म्हणजे?"

"राजपूतच आहेत, बाबा," देवयानी हसून म्हणाली. "आय नो यू. मला माहीत होतं तुम्ही तेच विचारणार."

"मी कुठे विचारलं? मला काय, कोणीही चाललं असतं." हे त्यांना खरोखर वाटत होतं की नाही ते देव जाणे. "बरं, मग कुळ कोणतं?"

"सोळंकी."

काकांच्या हातातला कप बशीवर गेला नाही, ओठांपर्यंतही गेला नाही. तो मध्येच राहिला.

"आडनाव सोळंकी लावतात, का कुळच सोळंकी?"

"दोन्ही. का?"

मला कारण कळायला थोडा वेळ लागला. देवयानीला माझ्याही नंतर कळलं. राजपुतांमध्ये एका कुळातल्या मुलामुलीचं लग्न होत नाही. एक कुळ म्हणजे एक रक्त, भाऊ-बहीणच. काकू मात्र लगेच समजल्या. त्यांनी फ्रिजवरच्या फोटोकडे पाहिलं आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आता?" त्या म्हणाल्या.

काकांनी कप खाली ठेवला. "एक मिनिट," म्हणून ते बोर्डापाशी गेले. बराच वेळ तिथे उभे राहिले. बोर्डावर आता एकच बाण उरला होता, बाकीचे त्यांनीच पुसले होते.

देवयानीने सगळं समजून घेतलं. मग ती म्हणाली, आणि या वेळी पूर्ण वाक्य मराठीत म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी आपण पाणी वाहणारे होतो तेव्हा हे लग्न झालं असतं. आता आपण मोठे झालो म्हणून होणार नाही?"

काकांनी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. त्यांनी मुलीला जवळ घेतलं, मुलगा काय काम करतो ते विचारलं, आणि मग जेवणापर्यंत परसात उभे राहिले. पाऊस होता.

त्यानंतरचे काही आठवडे घरात विचित्र गेले. एका बाजूला काका आपलाच शोध खोटा पाडायला बसले. त्यांनी पुसलेले बाण पुन्हा काढले. पाणाजी नावाचा एखादा वेगळाच पुरुष सापडतो का, प्रतिज्ञेवरून नाव पडलं असेल का, हे पाहायला लागले. दुसऱ्या बाजूला, एखादा बाण जरा जोर धरू लागला की तेच त्याच्यावर तुटून पडायचे. "हे काही पटत नाही. याच्यात साखळी नाही." सकाळी सोळंकी नसायचे, दुपारी पुन्हा व्हायचे. एकदा मला म्हणाले, "बेटा, तू लॅबमध्ये असतेस. एखाद्या मापाचं उत्तर तुला नकोसं आहे म्हणून तू ते दुसऱ्यांदा मोजतेस का?" मी म्हटलं, कधी कधी मोजते. "मग उत्तर बदलतं?" मी म्हटलं, कधी कधी बदलतं. यावर ते इतके हताश झाले, की मी खरं बोलायला नको होतं असं वाटलं.

शेवटी त्यांनी रावजींना पुन्हा व्हिडिओ कॉल लावला; पाणावतांची वही त्यांना इतके दिवस सापडत नव्हती, ती आता सापडली होती. मी आणि काकू मागे बसलो. रावजींनी लाल कापड सोडलं, वही उघडली, पानं उलटली. पाणावतांचं पान सापडलं. त्यांनी आपल्या चालीत पिढ्या वाचायला सुरुवात केली. काकांचं नाव, आप्पांचं, त्यांच्या वडिलांचं, असं करत वर वर जाऊ लागले आणि एके ठिकाणी थांबले.

"आगे?" काकांनी विचारलं.

"आगे पन्ने पे पानी गिरा है," रावजी म्हणाले. "दादाजी के टाइम का है. स्याही फैल गई."

त्यांनी पान कॅमेऱ्यासमोर धरलं. निळसर डाग दिसत होता, बाकी काही नाही. मग रावजींनी आवाज खाली आणून अगदी आपुलकीने विचारलं, "आपको क्या चाहिए, बताइए. सोलंकी पढ़ूँ, या न पढ़ूँ?"

काका ताठ झाले. "जे लिहिलंय ते वाचा!" ते मराठीतच ओरडले.

"वो तो धुल गया, साहब," रावजी म्हणाले.

काकांनी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

फेब्रुवारीत इंदूरच्या मंडळींशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. देवयानी डब्लिनहून जोडली गेली, हर्ष होता, त्याचे आईवडील होते. काकूंनी काकांना बजावलं होतं, की आज फक्त ओळख. काकांनी मान डोलावली होती. इस्त्रीचा शर्ट घातला होता. पण प्रामाणिक माणूस, न सांगता कसा राहणार? पाच मिनिटांत त्यांनी हात जोडले आणि हिंदीत म्हणाले, की एक अडचण तुमच्यापासून लपवणं बरोबर नाही. आम्ही पाणावतही सोळंकीच आहोत.

हर्षचे वडील हसले. फार सभ्य माणूस. म्हणाले, "अरे नहीं नहीं, आप चिंता मत कीजिए. हमारे यहाँ तो ऐसी कोई शाखा सुनी ही नहीं. आप सोलंकी नहीं हैं."

आमच्या बाजूला काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. समोरच्या चौकोनात देवयानीने डोळे मिटले. प्रश्न संपला होता. समोरचा माणूस स्वतः म्हणत होता, की अडचणच नाही.

काका म्हणाले, "सुनी नहीं मतलब?"

मी त्या खोलीत होते, म्हणून सांगते. पुढचा पाऊण तास त्या माणसाने, स्वतःच्या एकुलत्या एका मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर, हे लग्न होऊच शकत नाही हे जिवाच्या आकांताने सिद्ध केलं. चुळूक आणलं, पाणि आणलं, ब्रह्मदेव आणले. कागद कॅमेऱ्यासमोर धरला. "आप ही नहीं हैं सोलंकी, हम भी हैं!" त्यांच्या कपाळावर घाम आला होता. हर्षचे वडील हळूहळू गंभीर होत गेले. "अगर ऐसा है," ते सावकाश म्हणाले, "तो फिर सोचना पड़ेगा."

"सोचिए!" काका म्हणाले.

तेवढ्यात देवयानीचा चौकोन काळा झाला. ती निघून गेली होती.

काका थांबले. त्यांना काय झालं ते कळायला एक क्षण लागला, आणि मग जे कळलं ते त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिलं. त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला, उलटा करून. काकू पुढे झाल्या, मंडळींना नमस्कार केला, काहीतरी बोलून कॉल संपवला. मग नवऱ्याकडे वळून एवढंच म्हणाल्या, "जिंकलात?"

देवयानी दहा-बारा दिवस फोन घेत नव्हती. काका कामाला जायचे, यायचे. हिरव्या चिठ्ठ्यांच्या तारखा उलटून गेल्या, त्यांनी बदलल्या नाहीत. एका रविवारी दुपारी त्यांनी आप्पांना फोन लावला. स्पीकरवर, कारण आप्पांना कमी ऐकू यायचं आणि त्यामुळे त्यांच्याशी बोलणारा प्रत्येक जण फोन स्पीकरवर टाकून ओरडायचा.

"आप्पा, मला वाटतं माझी चूक झाली असेल. बोर्ड काढायला सांगतो."

"कोनता बोर्ड?"

"देवळावरचा. सोळंकी लिहिलंय तो."

"राहू दे. रंग चांगला लागेल आहे."

काकांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी ते विचारलं जे त्यांनी बहुतेक कधीच विचारलं नव्हतं. त्या लग्नाबद्दल. तो म्हातारा, ती पंगत. आप्पा तांब्या घेऊन उठले ते.

"कोनतं लगन रे?" आप्पा म्हणाले.

काकांनी गावाचं नाव सांगितलं, नवऱ्यामुलाचं नाव सांगितलं. आप्पांनी बराच विचार केला.

"मले नाही आठवत भाऊ. वाढलं असंल पानी. उन्हायात लगनं राहतात, कोनीतरी वाढालेच पाहिजे." मग लगेच, "पोरीचं काय ठरलं ते सांग."

फोन काकूंनी घेतला. काका खुर्चीवर बसून राहिले. काही वेळाने ते माझ्याकडे बघून, अगदी खरोखर न समजून म्हणाले, "बेटा, त्यांना आठवतच नाही. मग इतकी वर्षं ते कोणाला आठवत होतं?"

 

दुसऱ्या दिवशी रजा टाकून काका बसले आणि त्यांनी इंदूरला एक लांब संदेश लिहिला. तो काकूंनी मला दाखवला. त्यात कुळाबद्दल एक शब्द नव्हता. मुलगी लहानपणी कशी आजारी पडायची, तिला भात कसा लागतो, रागावली की दोन दिवस बोलत नाही पण तिसऱ्या दिवशी स्वतःहून चहा करते, असलं काहीबाही होतं. शेवटी क्षमा मागितली होती. हर्षच्या वडिलांचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं. त्यांची मुलगीसुद्धा तशीच होती म्हणे, तिसऱ्या दिवशी चहा करणारी. कुळाचा विषय त्यांनीही काढला नाही, लग्नाची तारीख विचारली.

लग्न 2021 च्या उन्हाळ्यात, मोजक्या माणसांची परवानगी मिळाली तेव्हा, वॉटरफोर्डला काकांच्या परसात झालं. डब्लिनहून दोघांचे दोन-चार मित्र, भिंतीपलीकडचे डोनल, मी. इंदूर आणि खानदेश खुर्चीवर ठेवलेल्या एका मोठ्या पडद्यावर. गुरुजी नाशिकहून दुसऱ्या पडद्यावर. वारा इतका होता, की होमाचा अग्नी काकूंनी पुलाव करायच्या पातेल्यात पेटवला.

विधी चालू झाले. एका ठिकाणी गुरुजी थांबले. "वधूचं कुळ आणि गोत्र सांगा."

मी काकांकडे पाहिलं. काकूंनी पाहिलं. देवयानीने मुंडावळ्यांच्या आडून पाहिलं. इंदूरच्या चौकोनात हर्षचे वडील पुढे झुकले. खानदेशच्या चौकोनात आप्पा टोपी सरळ करत होते. त्यांच्यामागे देवळावरचा तो बोर्ड दिसत होता.

काका बोलेनात.

"म्यूटवर आहात का?" गुरुजींनी विचारलं. "आवाज येत नाहीये."

"येतोय," काका म्हणाले. "गुरुजी, माहीत नाही."

"काय?"

"आमचं कुळ. नक्की माहीत नाही." ते मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाले, जसं आप्पांशी बोलायचे तसं. "गोत्रही."

"एवढंच ना," गुरुजी म्हणाले. "माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं. चालतं. म्हणू काश्यप?"

"म्हणा काश्यप."

गुरुजी पुढे गेले. देवयानी मात्र काकांकडेच बघत होती. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि गुरुजी जे म्हणतील ते चुकत माकत म्हणू लागले.

दुपारी सगळे बाहेर फोटो काढत होते तेव्हा मी आणि काका आत ताटं पुसत होतो. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, खरं सांगा. खरंच माहीत नव्हतं, का तिच्यासाठी तसं म्हणालात?"

त्यांनी ताट पुसून बाजूला ठेवलं. दुसरं घेतलं.

"त्यांनी विचारलं तेव्हा खरंच माहीत नव्हतं, बेटा. शपथेवर सांगतो. अगदी कोरं." मग ते जरा घुटमळले. "पण आता पुन्हा वाटतंय. सोळंकीच असणार."

आणि खिडकीतून वाकून त्यांनी बाहेर पाहून घेतलं, देवयानी ऐकत नाही ना म्हणून.